उलट बोलते

"मुलगी हुशार आहे, हातही हलका आहे, पण उलट बोलते," असं मोठे डॉक्टर म्हणाले आणि मेट्रनबाईंनी उचललेलं बिस्किट परत बशीत ठेवलं. ज्या मुलीबद्दल बोलणं चाललं होतं ती त्यांची सख्खी भाची होती. शिवाय ती उलट बोलते म्हणजे नेमकं काय करते, हेही त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

बोलणं चाललं होतं हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांच्या खोलीत. व्यवस्थापकांना सगळे नुसतं साहेब म्हणत. टेबलावर बशीत बिस्किटं होती आणि पाहुण्यांच्या खुर्चीत नर्सिंग कॉलेजच्या बाई होत्या. साधं नर्सिंग झालेल्या मुलींना आणखी एक वर्ष आयसीयूचं खास शिक्षण द्यायचं, असा कोर्स या बाई चालवत. कोर्स करून बाहेर पडलेल्या मुली नोकरीत कशा निघाल्या, हे त्या अधूनमधून हॉस्पिटलं फिरून मालकांना विचारून घेत. आता, तुम्ही ज्यांना राबवता त्या कशा राबतात, असं राबवणाऱ्यालाच विचारायचं आणि तो सांगेल ते खाली मान घालून टिपून घ्यायचं, यात काय शहाणपण हाती लागत असेल ते कॉलेजच जाणे. पण विचारणाऱ्याला चहा मिळतो आणि सांगणाऱ्याला मान, त्यामुळे दोन्हीकडची मंडळी खूश असतात.

साहेबांनी सुरुवात गोड केली. या मुली आल्यापासून फाटकावर मोठा बोर्ड लावलाय, 'विशेष प्रशिक्षित परिचारिका, चोवीस तास'. तो वाचूनच नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. फक्त एक आहे, या मुली प्रश्न फार विचारतात. एका सिस्टरकडे इतके पेशंट कसे, मॉनिटरचा आवाज कुणी बंद केला, हे औषध कशासाठी. बाकीच्या सिस्टर बिचाऱ्या कधी ब्र काढत नाहीत. साहेबांच्या बोलण्याचा सरळ अर्थ एवढाच होता, की त्यांना शिकलेल्या मुली हव्या होत्या, पण शिकलेलं घरी ठेवून आलेल्या.

मोठ्या डॉक्टरांना आडपडदा माहीत नव्हता. ते हृदयाचे डॉक्टर. हॉस्पिटल त्यांच्या नावावर चालायचं आणि हे त्यांना कुणी विसरू दिलं नव्हतं.

"मी फोनवर सांगतो, वीस मिलिग्रॅम दे," ते म्हणाले. "तर ही मला ऐकवते, वीस मिलिग्रॅम, शिरेतून, आत्ता, बरोबर? आणि मी 'बरोबर' म्हणेपर्यंत फोन ठेवत नाही. मी काय पोपट शिकवायला बसलोय?"

"म्हणजे ती तुमचीच ऑर्डर परत बोलून दाखवते?" कॉलेजच्या बाईंनी विचारलं.

"तेच म्हणतोय मी. उलट बोलते."

कॉलेजच्या बाईंनी क्षणभर मेट्रनबाईंकडे पाहिलं, मेट्रनबाईंनी बिस्किटांकडे पाहिलं. कारण ही खोड मुलीला लावली होती ती कॉलेजच्या बाईंनीच. फोनवरची ऑर्डर आधी ऐका, मग लिहा, मग परत बोलून दाखवा, आणि डॉक्टर स्वतः 'बरोबर' म्हणेपर्यंत सुईला हात लावू नका. वर्षभर हे त्यांनी मुलींकडून घोटून घेतलं होतं. कान फसतात, म्हणून तोंडानं खात्री करून घ्यायची, इतकी ती साधी गोष्ट. 'डॉक्टर, हे मीच शिकवलंय आणि ते तुमच्याच भल्याचं आहे', एवढं एक वाक्य त्या बोलत्या तर सगळं मिटलं असतं. पण पुढच्या वर्षीच्या मुलींना याच हॉस्पिटलात चिकटवायचं होतं. बाईंनी चहाचा घोट घेतला आणि त्याबरोबर ते वाक्यही गिळलं.

"संवादकौशल्य थोडं कमी पडतंय म्हणायचं," असं म्हणून त्यांनी तसं टिपून घेतलं.

"आता कसं बोललात," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी मेट्रनबाईंना मत विचारलं. मेट्रनबाई म्हणाल्या की मुलगी कामाला वाघ आहे, वयानं लहान आहे, शिकेल हळूहळू. जी वर्षभर शिकूनच आली होती ती आता आणखी काय शिकणार होती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि त्यांना कुणी विचारलं नाही.

जाता जाता साहेबांनी एक पुस्ती जोडली. मुलीला नोकरीत कायम करायचा विषय लवकरच निघणार होता, आणि त्या कागदावर सही मोठ्या डॉक्टरांची लागणार होती.

मेट्रनबाईंचा जीव अडकला होता तो इथंच. भाची आधी तिच्या गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात होती. काम थोडं, नोकरी कायमची, घर चालत जाण्याच्या अंतरावर. ती सुखाची नोकरी मेट्रनबाईंनीच सोडायला लावली होती. खोकल्याच्या बाटल्या वाटण्यात जन्म घालवणार का, आयसीयूचा कोर्स कर, माझ्या हॉस्पिटलात ये, बघ कुठल्या कुठे जाशील, असं त्या तिच्या मागे लागल्या होत्या. धाकट्या बहिणीचा जीव काही राजी नव्हता. शेवटी ती म्हणाली होती, "ताई, तुझ्या भरवशावर पाठवतेय. हिला काही झालं तर मी तिला विचारणार नाही, तुला विचारेन." दवाखान्यातली जागा तर केव्हाच भरली गेली होती. आता इथून मुलगी कायम न होता बाहेर पडली, तर पुन्हा पहिल्या पायरीवर उभी राहणार होती, आणि तेही आयसीयूतून काढलेली असा शिक्का घेऊन.

भाची मेट्रनबाईंकडेच राहायची. घरी ती त्यांना मावशी म्हणायची, अगं-तुगं करायची, त्यांच्या केसांना मेंदी लावून द्यायची. हॉस्पिटलात मात्र मावशी म्हणायची सोय नव्हती. तिथं मावशी म्हणजे बेडपॅन उचलणाऱ्या, फरशी पुसणाऱ्या बायका. पहिल्याच दिवशी ती सवयीनं 'मावशी' म्हणाली होती, तर तीन बायका एकदम 'काय गं' करत वळल्या होत्या. सगळा वॉर्ड हसला. तेव्हापासून ड्यूटीवर मेट्रनबाई तिच्या 'मॅडम' झाल्या आणि उंबरठ्याच्या आत आल्या की पुन्हा मावशी. हा नेम तिनं एकदाही चुकवला नव्हता.

तिचं स्वतःचं नाव मात्र हॉस्पिटलात कुणी घ्यायचं नाही. तिचा कोर्स डिप्लोमाचा आहे हे कळल्यापासून तिला सगळे 'डिप्लोमा' म्हणत. ए डिप्लोमा, तीन नंबरचं सलाईन बघ. डिप्लोमाला विचारा, ती पुस्तक वाचून आलीय. जुन्या सिस्टर तर तिला पाण्यात पाहत. त्यांचं चुकत होतं असंही नाही. वर्षानुवर्षं रात्रीचा दिवस करून ज्यांना कधी शाबासकी मिळाली नाही, त्यांच्या डोक्यावर बोर्ड लागला तो कालच्या पोरीचा.

त्या संध्याकाळी मेट्रनबाई ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "दोन कप चहा टाक. एकात साखर नको."

"दोन कप चहा, एक बिनसाखरेचा. बरोबर?" भाची म्हणाली. कोर्सच्या काळात तिनं हा सराव घरीच केला होता. भाजीला मीठ किती, दूध किती वाजता, सगळं परत बोलून दाखवायची आणि मावशीनं 'बरोबर' म्हटल्याशिवाय डब्याला हात लावायची नाही. मेट्रनबाईंना त्याचं कोण कौतुक होतं. आज त्यांना ते ऐकून कसंतरी झालं. त्यांनी साहेबांच्या खोलीतला सगळा प्रकार तिला सांगून टाकला.

मुलगी आधी हसली. "उलट? अगं मावशी, मी तर सुलट बोलते. ते म्हणतात तेच म्हणते, त्याच क्रमानं."

"तेच त्यांना खुपतं. कायमचं पत्र हातात पडेपर्यंत तोंड मिटून राहा. फोन आला की 'हो सर' म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. परत बोलायचं तर मनातल्या मनात बोल."

"मनातल्या मनात बोलले तर त्यांना कसं ऐकू जाईल? त्यांनी ऐकावं म्हणूनच तर बोलायचं असतं."

उत्तर नसलं की मोठी माणसं करतात तेच त्यांनी केलं, त्या चिडल्या. मला शिकवू नकोस म्हणाल्या. तुझ्याएवढी होते तेव्हापासून 'हो सर' म्हणत आलेय, माझं काय वाईट झालं, असंही म्हणाल्या. आणि मग हळूच, तुझ्या आईला तोंड मला दाखवायचंय गं.

आईचं नाव निघाल्यावर मुलीनं गॅस बारीक केला. तिनं हात जोडल्यासारखे केले आणि नाटकी आवाजात म्हणाली, "परत बोलून दाखवते. फोन आला की 'हो सर'. परत विचारायचं नाही. बरोबर?"

"बरोबर," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि दोघीही हसल्या.

दुसऱ्या दिवसापासून मुलीनं शब्द पाळला. सोपं नव्हतं ते. फोन कानाला लावला की तिचे ओठ आपोआप उघडायचे. मेट्रनबाई राउंडवर असल्या तर तिची नजर त्यांच्याकडे वळायची, त्या मान हलवायच्या, डावीकडून उजवीकडे, अगदी थोडीशी, दुसऱ्या कुणाला कळणार नाही इतकी. मग ती 'हो सर' म्हणून फोन ठेवायची. हळूहळू या गोष्टीचा दोघींना इतका सराव झाला की मेट्रनबाईंची मान त्यांच्या नकळत हलायला लागली.

गुण लगेच दिसला. मोठ्या डॉक्टरांनी जिन्यात थांबवून मेट्रनबाईंना सांगितलं, की तुमची डिप्लोमा सुधारली हो. आता कसं, सांगितलं की झालं. पुढे तर ते तिला डिप्लोमा म्हणायचेही थांबले आणि सिस्टर म्हणू लागले. जुन्या सिस्टरांनी तिला आपल्या डब्यातलं देऊ केलं. साहेबांनी पत्र टाइप करून ठेवलं, सही तेवढी राहिली होती. मेट्रनबाईंनी बहिणीला फोन करून सांगून टाकलं, की झालंच समज. मुलगी मात्र घरी आल्यावर फारशी बोलेनाशी झाली होती. दमत असेल, असं मेट्रनबाई स्वतःला सांगायच्या.

त्याच सुमारास आयसीयूत एक म्हातारे शिंपी आले. हृदय थकलेलं, किडन्या कुरकुरणाऱ्या, साखर कधी वर कधी खाली. जन्मभर लोकांचे खांदे बघत आलेला माणूस, पडल्या पडल्या त्यांना तेवढंच दिसायचं. भाचीला पहिल्यांदा बघितल्यावर ते म्हणाले, की पोरी, तुझ्या युनिफॉर्मचा डावा खांदा बोटभर उतरलाय, कुणी शिवला हा? मग रोज ते पालुपद. मला इथून सोडा, आधी या पोरीचा खांदा उचलतो. मुलगी म्हणायची, काका, तुम्ही आधी जेवा, मग खांदा. तेवढ्यापुरती ती पूर्वीसारखी खळखळून हसायची.

एके दुपारी, भेटायला येणाऱ्यांची वेळ संपत आलेली, मेट्रनबाई राउंड घेत आयसीयूच्या काउंटरपाशी आल्या होत्या. कोपऱ्यातल्या पडद्याचा एक हूक निसटला होता आणि त्यावरून त्या सफाईवाल्या मावशींना बोलत होत्या. तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. ते गाडीत होते. हॉर्नचा कलकलाट मेट्रनबाईंना इकडे दोन हातांवर ऐकू येत होता. मुलीनं शिंपीकाकांची माहिती शिकवल्याप्रमाणे नीट सांगितली. साखर इतकी वाढलीय, पण जेवण नीट गेलं नाही, दोन-तीन घासच खाल्ले, किडनीचा रिपोर्ट कालच्यापेक्षा वाईट आहे. मग ती ऐकत राहिली. हातातलं पेन कागदावर टेकलं आणि तिथंच थांबलं. तिच्या कपाळावर आठी आली.

"सर, परत..." एवढं ती म्हणाली आणि तिनं वर पाहिलं.

मेट्रनबाईंचं लक्ष अर्धं पडद्यात होतं. त्यांची मान हलली. डावीकडून उजवीकडे, अगदी थोडीशी.

"हो सर," मुलगी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. मेट्रनबाई पुन्हा हुकाकडे वळल्या.

मुलीनं इन्सुलिन दिलं. दहा युनिट. तिनं ऐकलं होतं ते दहा.

नंतर काय झालं ते चटकन झालं. शिंपीकाकांना दरदरून घाम सुटला, ते छातीची, कमरेची मापं पुटपुटायला लागले आणि मापं चुकायला लागली. साखर एकदम खाली गेलीय हे पहिल्यांदा ओळखलं ते तिनंच. तिनं शिरेतून ग्लुकोज दिलं, ड्यूटीवरच्या डॉक्टरला हाक मारली, जे जे करायचं असतं ते सगळं केलं आणि योग्य क्रमानं केलं. पण ते थकलेलं हृदय एकदा बिचकलं ते पुन्हा ताळ्यावर आलं नाही. छाती दाबून दाबून तिच्या हातांना गोळे आले, ड्यूटीवरच्या डॉक्टरनं शेवटी तिला धरून बाजूला केलं. म्हाताऱ्यांचा मुलगा धुतलेला पायजमा आणायला घरी गेला होता, तो परत आला तेव्हा पडदा लावलेला होता. सगळे हूक जागच्या जागी होते.

मुलाला सांगण्यात आलं की हृदयानं साथ सोडली. हे खोटं नव्हतं. या हॉस्पिटलात सहसा खोटं कुणी बोलतच नसे, खरं कुठपर्यंत सांगायचं तेवढं ठरलेलं असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच खोली, तेच टेबल, फक्त बिस्किटं नव्हती. कॉलेजच्या बाईंच्या खुर्चीत आज मुलगी होती, तीही उभी राहायची तयारी ठेवून टोकावर बसलेली.

"मी सहा सांगितले होते," मोठे डॉक्टर म्हणाले.

"मी दहा ऐकले," मुलगी म्हणाली.

सहा आणि दहा. एका अक्षराचा फरक, तोही हॉर्नच्या गोंगाटात. डॉक्टर सहा म्हणाले असतील आणि तिला दहा ऐकू आलं असेल. डॉक्टर सहा म्हणायला गेले असतील आणि तोंडातून दहा गेलं असेल. खरं काय ते आता कुणालाच कळणार नव्हतं. कळून घ्यायची एकच रीत होती, आणि तिला या खोलीत उलट बोलणं असं नाव पडलं होतं.

"नीट ऐकू आलं नाही तर परत विचारायचं," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, ते मनापासून चकित झाले होते. "एवढं साधं? आमची कोर्स न केलेली सिस्टरसुद्धा विचारेल. तू तर खास शिकून आलीस. काय शिकवतात काय त्या कॉलेजात?"

साहेबांनी मान डोलावली. महिन्यापूर्वी 'प्रश्न फार विचारतात' अशी तक्रार याच साहेबांनी केली होती. मानेला काय, ती कशालाही डोलते.

मग साहेब मेट्रनबाईंकडे वळले. "तुम्ही तिथंच होतात ना? हिनं परत विचारलं का डॉक्टरांना?"

"नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. "हो सर म्हणाली."

यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. मुलगी त्यांच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, पुढचं वाक्य येईल म्हणून ती थांबली होती, फोनवर 'बरोबर' ऐकायला थांबायची तशी. पुढचं वाक्य मेट्रनबाईंच्या जिभेवर होतंही. मीच मान हलवली. मीच तिला सांगितलं होतं. पण त्यांना भीती वाटली. सरळ सांगायचं तर नुसती भीती वाटली, बाकी सगळी कारणं त्यांनी मागाहून गोळा केली. की मी बोलले तर दोघीही घरी बसू. की माझं निवृत्तीला एक वर्ष राहिलंय. की मी आत राहिले तरच तिला पुढे कुठे चिकटवता येईल. त्यांनी मिठाची गुळणी धरली, आणि मुलीनं हळूच नजर खाली घेतली.

मुलीला बाहेर पाठवून निर्णय झाला. हॉस्पिटल दयाळू होतं. बोभाटा करायचा नाही, वर कळवायचं नाही. तिनं घरगुती कारणासाठी राजीनामा द्यायचा आणि मयताच्या घरच्यांशी बोलायचं नाही. हे तिला समजावून सांगायचं काम अर्थातच मेट्रनबाईंचं, घरचं माणूस म्हणून. आणि कॉलेजलाही कानावर घाला, डॉक्टर म्हणाले, त्यांना आमचं मत हवं असतं ना.

मेट्रनबाईंनी आपल्या खोलीतून कॉलेजच्या बाईंना फोन लावला. या मुली वेळेला विचारत नाहीत असं इथल्या वरिष्ठांचं मत पडलंय, असं त्यांनी सांगितलं.

"मागच्या खेपेला तर..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या. दोघींनाही ते वाक्य पुरं व्हायला नको होतं. मग त्या म्हणाल्या की मुलींमध्ये आत्मविश्वास कमी पडतो हल्ली. पुढच्या बॅचला त्यावर एक लेक्चर ठेवू. संवादकौशल्याचं ठेवलेलंच आहे, त्याला जोडून.

दुपारी मेट्रनबाई घरी आल्या तेव्हा मुलगी आधीच आलेली होती. तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. युनिफॉर्म धुऊन दोरीवर वाळत घातला होता, आणि तो वाळेपर्यंत थांबायचा तिचा विचार दिसत नव्हता. चहा टाकलेला नव्हता. मेट्रनबाईंनी पर्स ठेवली, पदर खोचला, पुन्हा सोडला. काय बोलायचं ते त्यांनी रिक्षात घोकलं होतं, तरी सांगताना सगळं मागेपुढे झालं. राजीनाम्याचं सांगितलं. कारण घरगुती लिही म्हणाल्या. शिंपीकाकांच्या घरी जाऊ नकोस, कुणी फोन केला तर उचलू नकोस. डॉक्टर सहा म्हणाले, तुझी ऐकण्यात चूक झाली, असं कबूल केलंस की ते प्रकरण इथंच मिटवतायत. बाळा, यातच तुझं भलं आहे गं. तुझ्या आईशी मी बोलते.

मुलीनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मेट्रनबाई थांबल्यावर ती भिंतीपासून पुढे आली आणि सरळ उभी राहिली, डावा खांदा बोटभर उतरलेला होता युनिफॉर्म नसतानाही. शिंपीकाकांना तेवढं कळलं नव्हतं, दोष शिवणीचा नव्हता.

"परत बोलून दाखवते, मॅडम," ती म्हणाली.

उंबरठ्याच्या आत तिनं हा शब्द कधीच वापरला नव्हता. मेट्रनबाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"राजीनामा द्यायचा, कारण घरगुती. त्यांच्या घरी जायचं नाही. फोन उचलायचा नाही." ती एकेक गोष्ट थांबून, स्पष्ट सांगत होती, कॉलेजात घोटवून घेतलं होतं तशी. "सर सहा म्हणाले. मी दहा ऐकले. मी परत विचारलं नाही. परत विचारू नकोस, असं मला कुणीही, कधीही सांगितलं नव्हतं. बरोबर?"

मेट्रनबाई ओट्याचा काठ धरून उभ्या राहिल्या. अगं, असं काय करतेस, असं काहीतरी त्या पुटपुटल्या.

मुलगी थांबली होती. तिची नजर त्यांच्या ओठांवर होती. एक हात बॅगेच्या बंदापासून वीतभर अंतरावर तसाच थांबलेला होता, कारण समोरचा 'बरोबर' म्हणेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, असंच तिला शिकवलं होतं. त्या हाताकडे बघताना मेट्रनबाईंच्या मनात एकदा आलं, की आत्ता नुसतं 'नाही' म्हटलं तर? नाही, बरोबर नाही, चुकतेयस तू, सांगितलं होतं, मीच सांगितलं होतं. एवढं म्हटलं तर हा हात खाली येईल, ती मावशी म्हणेल, आणि उद्या सकाळी आपल्याला तेच वाक्य साहेबांच्या खोलीत जाऊन बोलावं लागेल.

"बरोबर," मेट्रनबाई म्हणाल्या.

"थँक यू, मॅडम," मुलगी म्हणाली आणि तिनं बॅग उचलली.